कप्तान विजरीची खिळ्यावरची टोपी

सायलस विजरी समुद्रावर वाघ होता आणि घरी पाहुणा. यात त्याच्यापेक्षा धंद्याचा दोष जास्त. वीसेक वर्षं तो प्लिमथहून माणसं भरून ऑस्ट्रेलियाला न्यायचा. जायला तीन महिने, तिकडे लोकर भरायला महिना-दीड महिना, परत यायला पुन्हा तीन-चार महिने, आणि मग डेव्हन परगण्यातल्या टॉपशमच्या घरी जेमतेम सहा आठवडे. त्यातले पहिले दोन आठवडे तो घराला शिस्त लावण्यात घालवी, पुढचे दोन शिस्त लागत नाही म्हणून चिडण्यात, आणि शेवटचे दोन 'माझी पेटी भरायला घ्या' म्हणत दारातून नदीकडे बघण्यात.

शिस्त म्हणजे काय, तर जहाजावरचीच. सकाळी सातला सगळे बिछाने बाहेर उन्हात. ऊन नसलं तरी बाहेर. डेव्हनमध्ये ऊन असतंच कुठे! फरशी वाळूने घासायची, कोपऱ्यात व्हिनेगर शिंपडायचं, आणि जेवणाआधी सगळ्यांनी एकेक चमचा लिंबाचा रस घ्यायचा. त्याची बायको थॉमसिन दोन दिवस ऐकून घेई. तिसऱ्या दिवशी चमचा खाली ठेवून म्हणे, "कप्तान, हे घर आहे. हे बुडत नाही आणि कुठे जातही नाही. बसा गप्प." कप्तान बसायचा. तीनशे माणसांवर हुकूम चालवणारा हा गडी थॉमसिनपुढे मऊ मेण होता. पण ती 'कप्तान' म्हणते आणि 'अहो-जाहो' करते तोवरच. ती 'सायलस' म्हणाली आणि 'तू'वर आली की तो उठून अंगणात जाई.

आता टोपीचं सांगतो. समुद्रावर कप्तान जुनी निळी टोपी घालायचा. जमिनीवरची त्याची काळी उंच टोपी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असे, आठ-आठ महिने. लग्न झाल्यावर पहिल्या खेपेला नवरा गेला तेव्हा थॉमसिन एकोणीस वर्षांची होती आणि घरात बोलायला कुत्रं नव्हतं. एका सकाळी दूध उतू गेलं, ती वळली, समोर टोपी. "बघा, गेलं सगळं दूध," ती टोपीला म्हणाली, आणि तिला बरं वाटलं. तेव्हापासून जे नवऱ्याला सांगायचं ते ती टोपीला सांगायला लागली. शेजारणी हसल्या, मग त्यांनाही सवय झाली.

अडचण एवढीच, की एकदा टोपीला सांगितलं की तिच्या हिशेबी ते सांगून झालेलं असे.

"डॉर्कसला गालगुंड झालं होतं?" कप्तान घरी आल्यावर ओरडे. "मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं की."

"कधी?"

"झालं त्याच दिवशी. टोपीला."

"टोपीला!"

"मग कुणाला सांगणार? तुम्ही तिकडे पृथ्वीच्या बुडाशी. आता ते सगळं पहिल्यापासून उगाळत बसायला मला वेळ नाही."

कप्तान टोपीकडे बघे. टोपी काय बोलणार, कपाळ! अशानं झालं काय, की घरात सगळ्यांत जास्त माहिती त्या टोपीला आणि सगळ्यांत कमी तिच्या मालकाला.

तेही चाललं असतं. पण धाकटा नेड लाल तापाने गेला, पाच वर्षांचा, तेव्हा बाप सिडनीत होता. थॉमसिनने ते टोपीला सांगितलं आणि मग तिच्याच्याने ते पुन्हा कुणाला सांगवेना. सहा महिन्यांनी कप्तान गल्लीतून शीळ घालत आला, हातात पोरासाठी आणलेलं लाकडी कांगारू. दार उघडलं नऊ वर्षांच्या डॉर्कसने. जे काय सांगायचं ते त्या एवढ्याशा पोरीला सांगावं लागलं. कप्तानाने कांगारू कोटाच्या खिशात घातलं, अंगणात गेला, आणि अंधार पडला तरी आत आला नाही. त्यानंतर नेडचं नाव त्याने कधी काढलं नाही. लोक म्हणत, दगड आहे. लोकांचं काय जातंय म्हणायला!

बरं, हा दगड प्लिमथच्या धक्क्यावर काय बोलायचा ते ऐका. जहाज सुटायच्या दिवशी तिथे म्हाताऱ्या आया ऊर बडवत असत. कप्तान टोपी काढून त्यांच्यात जाई आणि म्हणे, "मावशी, रडताय कशाला? मुलगी शेजारच्या खोलीत गेलीय असं समजा. खोली जरा लांब आहे, एवढंच. डोळे मिटून हाक मारा, तिला ऐकू जाईल." म्हाताऱ्या डोळे पुसायच्या आणि त्याला आशीर्वाद द्यायच्या. खलाशांना हे भाषण पाठ होतं. 'खोली जरा लांब' आलं की ते नांगर उचलायला निघत.

आणि मग व्हायचं ते झालं. लोकांच्या मुली पोचवता पोचवता वेळ घरच्या मुलीवर आली.

डॉर्कस बावीस वर्षांची झाली होती. उंच, बापासारख्या जाड भुवया आणि आईसारखी जीभ. शिवणकाम करायची. एका दुपारी मांसाची पेस्टी ताटात असताना ती म्हणाली, "बाबा, मी ॲडलेडला जाणार. एमसने बोलावलंय."

"कोण एमस?"

"हॉलविल. गाड्यांची चाकं करतात ना, त्यांचा."

"त्याने तुला मागणी घातली कधी?"

"झाली दोन वर्षं," थॉमसिन म्हणाली. "टोपीला ठाऊक आहे."

कप्तानाने सुरी आपटली. "माझी मुलगी त्या गर्दीत, त्या फळ्यांवर झोपून जायची नाही! काय असतं तिथे ते मला विचारा. उलट्या, उवा, खारवलेलं मांस..."

"दर वर्षी तुम्हीच नेता ना लोकांच्या मुली?"

"त्या लोकांच्या!" कप्तान म्हणून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या त्यालाच ऐकू आलं.

डॉर्कसने तोंड पुसलं. "रडताय कशाला, बाबा? मुलगी शेजारच्या खोलीत गेलीय असं समजा."

झालं! थॉमसिनने ओठ चावला, पण हसू बाहेर आलंच. कप्तान लालबुंद झाला. "तू जहाजावर पाय ठेवलास," तो बायबलवर हात ठेवून म्हणाला, "तर मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही!"

"त्यात नवीन काय?" डॉर्कस म्हणाली.

हे मात्र त्याच्या वर्मी लागलं. तो उठला आणि अंगणात गेला. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. डॉर्कसने जाण्याचा विषय पुन्हा काढला नाही, तेव्हा कप्तानाला वाटलं, पोर वठणीवर आली. पुरुषांना असं वाटतं. पेटी भरून देताना थॉमसिन एवढंच म्हणाली, "या खेपेला लोकरीचे मोजे जास्त घातलेत. तुम्हाला डेकवर फार वेळ उभं राहावं लागेल." कशाला, ते त्याने विचारलं नाही.

कप्तानाचं जहाज 'मेरी टॅव्ही' प्लिमथहून सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किनारा दिसेनासा झाल्यावर बिनलग्नाच्या मुलींना हवा खायला मागच्या उंच डेकवर आणलं. पुढे त्यांची रखवालदारीण मिस बर्डॉक, काठीसारखी ताठ, हातात विणकाम. मागे हिरव्या-पिवळ्या चेहऱ्यांची रांग. कप्तान सुकाणूच्या चाकापाशी उभा होता. त्याला आधी दिसली ती ओळखीची तपकिरी शाल. थॉमसिनची. मग शालीवर गवती टोपी, आणि टोपीखाली त्याच्याच जाड भुवया.

नावं पुकारताना तो खाली नकाशात डोकं घालून बसला होता, म्हणून त्याला कळलं नव्हतं. आणि थॉमसिनने नेमकं याच जहाजावर पोरीला कसं बसवलं, ते बायकांचे देव जाणोत.

पहिले तीन दिवस कप्तानाने शपथ पाळली. शिडांकडे बघत येरझारा घातल्या. बायबलवर हात ठेवला होता, चेष्टा नव्हती. चौथ्या दिवशी समुद्र खवळला आणि डॉर्कस कठड्याला धरून आतडी पिळवटेस्तोवर ओकायला लागली. शपथ गेली वाऱ्यावर. कप्तान धावला. "अगं पोरी..."

मध्ये मिस बर्डॉक. "कप्तान, पाटी."

या पाटीची गंमत अशी. आदल्या खेपेला एका अधिकाऱ्याने डेकवर एका मुलीशी गुलूगुलू चालवलं होतं. हटकलं तर म्हणे, 'माझी मामेबहीण आहे.' मामेबहीण कसली, बंदराला लागायच्या आत लग्न लावायची पाळी आली. कप्तान इतका भडकला, की त्याने पांढऱ्या रंगात पाटी रंगवून घेतली: कप्तानापासून आचाऱ्यापर्यंत कोणीही बिनलग्नाच्या मुलींशी एक अक्षर बोलायचं नाही. नात्याची सबब चालणार नाही. खाली ठसठशीत सही, एस. विजरी. ही पाटी त्याने सगळ्या बंदरांत मिरवली होती.

"अहो, पण ही माझी मुलगी आहे!"

"असेल. नात्याची सबब चालणार नाही. अक्षर तुमचंच ना?"

"मी या जहाजाचा कप्तान आहे!"

"तेही लिहिलंय," मिस बर्डॉक म्हणाली. "अगदी सुरुवातीलाच."

शिडावर चढलेले खलाशी जागच्या जागी थांबून मजा बघत होते. आता पाटी मोडली, तर उद्या हा प्रत्येक जण एकेक मामेबहीण काढणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! कप्तान पाय आपटत परत फिरला. डॉर्कसने कठड्यावरून मान वळवून पाहिलं. तिला वाटलं, बापाची शपथ अजून तशीच आहे.

कप्तानाच्या जिवाला हेच खात होतं. तीन महिने. तीन महिन्यांनी पोर उतरणार, चाकवाल्याच्या गाडीत बसणार, आणि 'त्यात नवीन काय' हेच बाप-लेकीतलं शेवटचं बोलणं ठरणार. इतकी वर्षं त्याने पोचवलेल्या मुलींपैकी किती परतल्या, ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नाहीत.

मुली बसायच्या त्या जागेपासून सुकाणूचं चाक चार पावलांवर. चाकावर दुपारी असायचा एलियस टोझर, ब्रिक्सहॅमचा म्हातारा खलाशी, पन्नाशी उलटलेला, तोंडात चार दात. सुकाणूवरच्या माणसाशी गप्पा मारायच्या नाहीत, ही जहाजाची जुनी रीत. कप्तानाने बावीस वर्षांत टोझरला 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' याखेरीज काही म्हटलं नव्हतं. त्या दुपारी तो टोझरपाशी गेला, घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाला, "आता मळमळ कमी झाली का?"

टोझरने मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "मला, साहेब? मला कशाची मळमळ?"

"रिकाम्या पोटी राहू नये. बिस्किट चघळावं."

"दात नाहीत, साहेब."

"आणि अशा वाऱ्यात शाल डोक्यावरून घ्यावी. नुसती खांद्यावर टाकून काय उपयोग?"

टोझर घाबरला. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला शाल! पण चार पावलांवर डॉर्कसचे हात विणता विणता थांबले. तिने क्षणभर बापाच्या पाठीकडे पाहिलं. मग हळूच शाल डोक्यावरून घेतली.

लेकी बोले सुने लागे असं आपल्यात म्हणतात. इथे म्हाताऱ्याला बोलायचं आणि लेकीला लागायचं, असा मामला सुरू झाला. कप्तानाने हुकूम काढला, की दुपारी सुकाणूवर रोज टोझरच हवा.

"रात्री झोप लागते ना?" कप्तान विचारी.

"मेल्यासारखी, साहेब."

"खाली फार कोंदट होतं का? शेजारी माणसं बरी आहेत ना?"

"शेजारी कुक झोपतो, साहेब. घोरतो."

"आईची आठवण येते?"

"ती वारून तीस वर्षं झाली, साहेब," टोझर म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच भरून आले. "पण येते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, फार येते."

खाली खलाशांच्या खोलीत टोझर सांगत सुटला, की कप्तान बदलला, आता मला दुय्यम अधिकारी करणार. कुक म्हणाला, "अधिकारी कसला, त्याला ऊन लागलंय."

डॉर्कसही काही कमी नव्हती. तिच्या शेजारी फीबी नावाची गोबरी मुलगी बसायची, स्वभावाने साधी. तिच्याकडे तोंड करून डॉर्कस खणखणीत आवाजात बोलायला लागली. "मळमळ थांबली बरं का, फीबी. काल लापशी दोन वाट्या खाल्ली."

"माहितीय की," फीबी म्हणाली. "एक वाटी माझी होती."

"आणि झोप लागते. फक्त आमच्या वरच्या फळीतून पाणी गळतं."

"अगं, मीच तर खाली झोपते! भिजते मी, आणि सांगतेस मलाच?"

संध्याकाळी सुतार येऊन फळी ठोकून गेला. फीबीला काही उलगडेना.

मिस बर्डॉक मान खाली घालून विणत बसायची. पाटीवर लिहिलं होतं मुलींशी बोलायचं नाही. टोझर काही मुलगी नव्हता. एक दिवस मुली बसायला लागल्या तेव्हा तिने डॉर्कसला विणायच्या सुईने दाखवलं, "तू इकडे बस, चाकाच्या जवळ. तिथे तुझी सावली माझ्या विणकामावर पडते." त्या दिवशी आभाळ इतकं भरलेलं होतं, की कुणाचीच सावली पडत नव्हती.

विषुववृत्त ओलांडेपर्यंत कप्तानाला कळलं, की पोरीला कॉफी आवडत नाही, ती डाव्या कुशीवर झोपते, आणि एमस हॉलविल गातो बरा. बावीस वर्षांत टोपीला जेवढं ठाऊक झालं नव्हतं तेवढं त्याला महिन्याभरात कळलं.

मग एका दुपारी विषय लग्नावर गेला आणि बिघडलं.

"चाकं ठोकणाऱ्याशी लग्न करायचं," कप्तान टोझरला म्हणाला, "आणि जन्मभर धूळ खायची! आयुष्याचा काही विचार?"

"मी नाही करत लग्न, साहेब!" टोझर ओरडला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"चाकं ठोकणारा रोज संध्याकाळी घरी तरी येतो, फीबी!" डॉर्कसचा आवाज चढला.

"येऊ दे ना बाई. मी काय म्हणाले?"

"टोझर, घर चालतं ते कुणीतरी बाहेर जातं म्हणून!"

"खरंय, साहेब."

"फीबी, नेड गेला तेव्हा आईने टोपीला सांगितलं. टोपीला! आणि बाबांना मी सांगितलं, दारात उभी राहून. नऊ वर्षांची होते मी. ते अंगणात गेले ते गेलेच. मला कुणी जवळसुद्धा घेतलं नाही, फीबी."

फीबीने या खेपेला काही विचारलं नाही. तिने डॉर्कसचा हात धरला. मिस बर्डॉकच्या सुया थांबल्या. कप्तान पाठमोरा उभा होता, आणि टोझरला त्याचा चेहरा दिसत होता. कप्तान खाली निघून गेला. दोन दिवस डेकवर आलाच नाही. जहाज अधिकाऱ्यांनी हाकलं.

तिसऱ्या दुपारी तो आला. दाढी वाढलेली. चाकापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "टोझर."

"साहेब," टोझर म्हणाला. आता त्याला सगळं समजलं होतं. त्याने मुद्दाम मान वळवली नाही.

"ते खेळणं मी टाकलं नाही. माझ्या पेटीत आहे. दर खेपेला बरोबर असतं."

"बरं, साहेब."

"मी अंगणात गेलो, कारण मला रडताना कुणी बघू नये असं वाटलं. पोरगी दारात एकटी उभी राहील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गाढवपणा झाला, टोझर. तेरा वर्षं झाली, आजच कुणाला तरी सांगतोय."

"होतं असं, साहेब," टोझर म्हणाला. मग मोठ्याने, "मी काही मनात ठेवलेलं नाही."

"तू गप्प बस!" कप्तान म्हणाला. पण चार पावलांवर डॉर्कस रडता रडता हसली, आणि फीबी तिला बघून रडायला लागली, कशासाठी ते न कळताच.

ॲडलेडच्या बंदरात जहाज लागलं तेव्हा धक्क्यावर एमस हॉलविल उभा होता, त्याने स्वतः बनवलेल्या गाडीपाशी, उन्हाने लाल झालेला, हातात बायकांची निळी टोपी. मुलींची नावं घेतली, सरकारी माणसाच्या स्वाधीन केलं, आणि मिस बर्डॉकने विणकाम पिशवीत टाकलं. "कप्तान, मुली आता माझ्या ताब्यात नाहीत. पाटी संपली. बोला काय ते."

कप्तान यासाठी आठवडाभर मनात भाषण जुळवत होता. आता पोर दोन हातांवर समोर, मध्ये काही आडकाठी नाही, आणि सगळे खलाशी कठड्यावर लोंबकळून बघतायत. 'शेजारची खोली' घशाशी आली आणि तिथेच अडकली. शेवटी त्याने बाजूला पाहिलं. टोझर डॉर्कसची पेटी घेऊन उभा होता.

"टोझर," कप्तान म्हणाला, "स्वतःला जप हं. वेळेवर जेवत जा."

डॉर्कसही वळली. "फीबी, आईला एकटं सोडू नकोस. तिला आता म्हातारपणी बोलायला कुणीतरी हवं."

"अगं पण मी कुठे जातेय टॉपशमला?" फीबीने हंबरडा फोडला.

टोझरने पेटी खाली ठेवली आणि टोपी काढली. "साहेब," तो म्हणाला, "मी कुठेच जात नाहीये. जाणारी ती आहे." आणि फीबीचा दंड धरून तो तिला बाजूला घेऊन गेला.

दोघंच उरली. कप्तानाने खिशातून लाकडी कांगारू काढलं. एक कान झिजलेला होता. तेरा वर्षं खिशात आणि पेटीत राहून झिजला होता. "नेडचं," तो म्हणाला. त्याच्याने एवढंच बोलवलं.

डॉर्कसने ते घेतलं. मग तिने डोक्यावरची गवती टोपी सोडली आणि बापाच्या हातात दिली. "ही घरी न्या. माझ्यासाठी इथे नवी आणलीय त्या वेड्याने, निळी. निळा रंग मला मुळीच आवडत नाही." आणि तिने बापाला घट्ट मिठी मारली. त्याच्या आयुष्यात असं कुणी चारचौघांत केलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला, आणि या वेळी अंगणात गेला नाही.

पाच महिन्यांनी तो टॉपशमला घरी आला. थॉमसिन चुलीपाशी होती. तिने वळून न बघता विचारलं, "बोललात तिच्याशी?"

"रोज."

"काय म्हणाली?"

"फीबीला म्हणाली, लापशी दोन वाट्या खाल्ली."

"कोण फीबी?"

"बस. पहिल्यापासून सांगतो," कप्तान म्हणाला. आणि त्या घरात पहिल्यांदा तो सांगत होता आणि थॉमसिन ऐकत होती. चूल विझायला आली, पाव करपला, तरी ती उठली नाही. नेडचं आलं तेव्हा तिने पदराने, म्हणजे ॲप्रनने, तोंड झाकलं, आणि कप्तानाने तिच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.

पुढच्या खेपेला प्लिमथच्या धक्क्यावर एक म्हातारी मुलीच्या नावाने आक्रोश करत होती. खलाशी 'खोली जरा लांब' ऐकायला कान देऊन थांबले. कप्तान तिच्यापाशी गेला, टोपी काढली आणि नुसता उभा राहिला. "जाऊ दे, मावशी," तो शेवटी म्हणाला, "रडा." नांगर उचलायला त्या दिवशी उशीर झाला.

पण ते नंतरचं. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाक-ठाक आवाज ऐकून थॉमसिन आत आली. कप्तान दारामागे हातोडी घेऊन उभा. त्याच्या काळ्या टोपीशेजारी नवा खिळा, आणि त्यावर गवती टोपी.

"वाकडा ठोकलाय," ती म्हणाली.

"असू दे. जा तू, बाहेर दूध आलंय, बघ."

ती दाराआड गेली, पण दूध काही तिने बघितलं नाही. आत कप्तानाने दोनदा घसा साफ केला. जहाजावर हुकूम देताना साफ करायचा तसाच.

"डॉर्कस," तो गवती टोपीला म्हणाला, "मी पोचलो. आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण तिला काही सांगायला गेलं तर ऐकत नाही. आणि काल पाव करपला."

"करपल्याचं कशाला सांगता?" दाराआडून थॉमसिन म्हणाली. "एवढ्या लांब पोर उगाच काळजी करत बसेल."

 कप्तान टोपीकडे जरा वाकून म्हणाला, "नाही गं, चांगला झाला होता."